भोपळ्याची फुलं का गळतात?

बालमित्रांनो, 'फुलाचे भाग' शिकवताना मी फळ्यावर आकृती नंतर काढते. आधी प्रत्येकाने एकेक जास्वंद आणायची आणि वहीच्या पानावर उघडायची. पाच पाकळ्यांची, एकेरी जास्वंद हवी बरं का! दुहेरी जास्वंदीत पाकळ्यांच्या गर्दीत बाकीचं काही धड दिसत नाही.

देठाच्या टोकाला हिरवी वाटी दिसते ना? कळीला हिनेच झाकून ठेवलं होतं. हा निदलपुंज. पाकळ्यांचा मिळून दलपुंज. मधल्या लांब दांडीवर पिवळे ठिपके आहेत. बोट लावा, पिवळी पूड लागेल. ते परागकण, आणि ते तयार करणारे पुंकेसर म्हणजे पुमंग. आता ती दांडी नखाने अलगद उभी चिरा. आत एक बारीक दोरा सापडेल. वर त्याला पाच फाटे, टोकाला कुक्षी. खाली देठाजवळ फुगीर अंडाशय. हे जायांग. आमच्या वर्गात हा दोरा सापडला की 'बाई, सापडला!' म्हणून एकच गलका होतो.

पण सगळ्याच फुलांत हे चारही भाग असतात का? एकदा चौथीतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "बाई, आमच्या भोपळ्याच्या वेलाची सगळी फुलं गळतात. आजी म्हणते, उपटून टाकू."

मी तिला दोन फुलं नीट पाहायला सांगितली. लाल भोपळ्याच्या वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. लांब, बारीक देठाचं नर फूल. त्यात पुंकेसर असतात, अंडाशय नसतो. मग त्याला फळ कसं धरणार? ते गळणारच! मादी फुलाच्या खाली मात्र सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीच दिसतो. तोच अंडाशय. बहुतेक वेळा नर फुलं आधी येतात, मादी मागाहून. म्हणजे वेलाचं काही चुकत नव्हतं, थोडं थांबायला हवं होतं.

कधी कधी तो इवला भोपळाही पिवळा पडून गळतो. याचं एक कारण म्हणजे मधमाश्या फिरकल्या नाहीत, पराग कुक्षीवर पोचले नाहीत. मग ते काम आपण करायचं. पण सकाळी लवकर हं, दुपारपर्यंत फुलं मिटतात. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि उरलेला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा.

पालकांनो, परीक्षेत गुण मिळतात ते चार नावांना, हे खरं. पण वेलापाशी बसून ओळखलेलं फूल मुलांना पाठ करावं लागत नाही.

आणि आईला भोपळ्याच्या फुलांची भजी करायची असतील, तर नर फुलंच तोडून द्या. सगळी मात्र नकोत, दोन-चार मधमाश्यांसाठी राहू द्या.