कोड, कोढ आणि कुष्ठ

समानार्थी शब्दांचे तक्ते पाठ करून घेण्याची आपल्या शाळांतील रीत जुनी आहे. सूर्याला रवी म्हणा, भास्कर म्हणा, दिनकर म्हणा. सूर्याचे काही बिघडत नाही. त्वचेच्या रोगांची नावे मात्र अशा तक्त्यात बसत नाहीत, आणि वैद्यकीय मजकुराचे मराठीकरण करणारे ती सर्रास बसवतात, ही आमची तक्रार आहे. ती साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, हा दोष वैद्यकाच्या अज्ञानातून कमी आणि शब्दांविषयीच्या बेफिकिरीतून अधिक उद्भवतो.

सर्वांत बोलके उदाहरण 'कोड' या शब्दाचे. संस्कृत 'कुष्ठ' या एकाच शब्दापासून हिंदीत 'कोढ' आला आणि मराठीत 'कोड'. हिंदीत तो कुष्ठरोगच राहिला. मराठीत मात्र त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे होऊन उठणाऱ्या पांढऱ्या डागांना 'कोड' म्हणू लागले. पहिल्या रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ साली दाखवून दिला. दुसऱ्याला जंतूच नाही, तो कोणाला लागत नाही. सख्ख्या भावांनी वेगळी घरे करावीत आणि टपालवाल्याने दोघांची पत्रे एकाच दारात टाकावीत, तसे हिंदीवरून मराठी करणाऱ्यांचे होते. हिंदीतील 'कोढ में खाज' म्हणजे आपला 'दुष्काळात तेरावा महिना'. तिथे 'कोडात खाज' लिहिले की वाक्प्रचारही जातो आणि रोगही बदलतो.

परभणी जिल्ह्यात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. उर्दूने अरबीतून दोन स्वतंत्र शब्द घेतले होते : कुष्ठरोगाला 'जुजाम' आणि कोडाला 'बरस'. हैदराबादेत १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी अनुवादाचे खाते निघाले; वैद्यकाची पुस्तके उर्दूत आणली गेली, त्या भाषेतून वैद्यक शिकवलेही गेले. म्हणजे वैद्यकीय अनुवादाची एक मोठी, सरकारी पैशावर चाललेली खटपट मराठवाड्याच्या तेव्हाच्या राजधानीतच झाली. मराठी परिभाषेच्या चर्चेत तिचा उल्लेख सहसा होत नाही. त्यामागची राजकीय कारणे उघड आहेत. पण रझाकारांवरचा राग शब्दांवर काढण्यात काही हशील नव्हते.

आपण वळलो ते संस्कृतकडे. तिथे शब्द कोरे नव्हते, हे मात्र विसरलो. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत दद्रू, पामा, विचर्चिका येतात, आजच्या भाषेत ढोबळमानाने गजकर्ण, खरूज आणि इसब. जुन्या ग्रंथातील प्रत्येक 'कुष्ठा'चा आजचा कुष्ठरोग करणारा अनुवादक साध्या खरजेच्या रुग्णाला महारोगी ठरवतो. उलट बाजूने, मराठीत 'रक्तपिती' म्हणजे महारोग, पण आयुर्वेदातले 'रक्तपित्त' म्हणजे नाकातोंडातून वगैरे रक्त जाणे. अर्थात हे आपल्याच वाट्याला आलेले नाही. ग्रीकांचा 'लेप्रा' म्हणजे खपल्या धरणारी त्वचा. मध्ययुगीन युरोपात अरबी ग्रंथांचे लॅटिन करताना 'जुजाम'साठी तोच शब्द वापरला गेला आणि दोन रोगांची सरमिसळ शतकानुशतके टिकली.

याची किंमत कोण मोजतो? हिंदू विवाह कायद्यातील घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ साली वगळला गेला. कोड त्या यादीत कधीच नव्हते. सोयरिकीच्या बैठकीत मात्र कायदा कोणी उघडत नाही. तिथे 'मुलीच्या अंगावर डाग आहे' एवढे पुरते.

खाजेच्या रोगांत वेगळीच गफलत होते. हिंदीतली 'खुजली' म्हणजे खाजही आणि खरूजही. मराठीत खाज हे केवळ लक्षण आहे. खरूज त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याने होते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतल्याशिवाय जात नाही. गजकर्ण बुरशीने होते. इसब बहुधा संसर्गाचा रोगच नव्हे. इसबावर देतात ते स्टेरॉइडचे मलम गजकर्णाला लावले तर खाज थांबते आणि बुरशी आत निवांत पसरते. तरीही 'खरूज, नायटा, गजकर्ण' ही त्रयी जाहिरातींनी एका दमात म्हणायला शिकवली आहे, आणि पत्रकांचे अनुवादकही त्याच चालीवर लिहितात.

फोडांच्या बाबतीत आमची भाषा इंग्रजीला हार जाणारी नाही, मात्र तिची वाटणी निराळी आहे. वैद्यक पाहते संसर्ग किती खोल आहे ते. मराठी पाहते तो कुठे आहे आणि कशाने झाला. केसाच्या मुळाशी केस्तूड, नखाशी नखुरडे, पापणीवर रांजणवाडी, काखेत काखमांजरी. पावसाळ्यात काळ्या रानात किंवा कालव्याच्या पाण्यात दिवसभर उभे राहिल्यावर बोटांच्या बेचक्यात चिखल्या. या सर्वांना 'त्वचेचा जंतुसंसर्ग' म्हणणे चूक नसेलही, पण ज्याच्यासाठी लिहिले त्याला त्यात आपला पाय दिसत नाही.

आमच्या मते अनुवादकाने बोलीतला शब्द ठेवावा आणि भेद दाखवणारे लक्षण त्याच वाक्यात सांगावे. 'अंगावर चट्टा असल्यास' एवढे लिहून भागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, बहुधा खाजत नाही आणि तिथे स्पर्श, गार-ऊन कळेनासे होते; कोडाच्या डागावर ते कळते; गजकर्णाची कड उठावदार असते आणि ती खाजते. सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत औषधाने बरा होणारा कुष्ठरोग अंगावर काढला की नसा निकामी होतात. म्हणून 'बधिर' हे विशेषण गाळणाऱ्या अनुवादाला आम्ही सदोष नव्हे, घातक म्हणतो.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला पाथरी-गंगाखेडकडची आजी 'काखमांजरी झालीया, बाबा' म्हणाली तर त्याने कोणता कोश उघडावा? तो जिल्ह्यातील मराठी विभागांनी करावा. त्यासाठी एक वही आणि पावसाळ्यातले बाह्यरुग्ण विभागाचे चार सोमवार पुरतील.