आरोपीस दुभाष्या, बाळंतिणीस कां नाहीं?

चोरीच्या आरोपावरून पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या माणसास साक्षीदाराची भाषा समजत नसेल, तर ती साक्ष त्यास समजेल अशा भाषेंत सांगितली पाहिजे, असा आमचा कायदा आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमांत तो होता. २०२४ सालीं तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेंही तो कायम ठेवला आहे. उलटपक्षीं, प्रसूतिगृहांत आणलेल्या परभाषिक स्त्रीच्या पोटावर शस्त्र कां चालवावयाचें हें तिच्या भाषेंत कोणी सांगितलें नाहीं, तरी जाब विचारणारा कोणी नसतो. कागदावर अंगठा उठला कीं झाली संमति!

वर्धा जिल्ह्यास हा प्रश्न परका नाहीं. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय मूळ स्त्रियांसाठीं व मुलांसाठींच निघालें. त्याच्या संस्थापक डॉ. सुशीला नायर १९४७ सालीं गांधीजींच्या सांगण्यावरून वाह येथील निर्वासितांच्या छावणींत राहिल्या होत्या. त्या जन्मानें पंजाबी. छावणींतील बायकांचें बोलणें समजण्यास त्यांस दुभाष्याची गरज नव्हती. असा योग प्रत्येक डॉक्टरास कोठून लाभणार? सेवाग्रामच्याच संस्थेचें रुग्णालय आज मेळघाटांत उतावली येथें आहे, आणि तेथील कोरकू भाषा मराठीच्या कुळांतलीदेखील नाहीं. पूर्वेकडे गोंडी व माडिया. गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ तर तिबेटी निर्वासितांची वसाहतच आहे.

नवरा किंवा सासू सोबत असते, त्यांच्याकडून विचारून घ्यावें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आमचा उलट प्रश्न असा कीं, पूर्वीचा गर्भपात, घरची मारहाण, किंवा पुढें मूल नको ही इच्छा कोणती स्त्री नवऱ्याच्या तोंडून वदवील? आणि पोरसवदा मुलीनें आईच्या रक्तस्रावाचें भाषांतर करावें, हें तर लाजिरवाणें आहे. ऑस्ट्रेलियांत १९७३ पासून दूरध्वनीवरून दुभाष्या मिळतो. आपल्याकडे आतां प्रत्येक परिचारिकेच्या पिशवींत फोन आहे. अडचण यंत्राची नव्हे.

केवळ शब्द समजूनही भागत नाहीं. बाळंतपणीं जवळ कोण असावें, बसून प्रसूत व्हावें कीं पडून, हें स्त्रीस विचारावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सुचविलें. डॉ. राणी व अभय बंग यांनीं गडचिरोलीच्या शोधग्रामांत दवाखाना बांधतांना गोंड लोकांसच विचारलें. तेव्हां तो झोपड्यांच्या गांवासारखा झाला व त्यास दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें. रोग्यास परकें वाटूं नये याचा हा मार्ग कांहीं फार खर्चाचा नव्हता.

निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर हिंदुस्थानानें सही केलेली नाहीं, ही सबब येथें चालणार नाहीं. घटनेचें २१ वें कलम ‘नागरिक’ म्हणत नाहीं, ‘व्यक्ति’ म्हणतें. चकमा निर्वासितांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं तें स्पष्ट केलें. तसेंच समीरा कोहली यांच्या खटल्यांत, २००८ सालीं, पुरेशी माहिती न देतां घेतलेली संमति ही संमतिच नव्हे असें ठरलें. न समजणाऱ्या भाषेंत दिलेली माहिती पुरेशी कशी म्हणावी, हें सरकारी वकिलांनींच आम्हांस समजावून द्यावें.

जीव वांचविण्याची घाई असेल तेव्हां डॉक्टरानें दुभाष्याची वाट पाहावी, असें आम्ही म्हणत नाहीं. कायदाही म्हणत नाहीं. पण गर्भवतीची तपासणी महिनेन्‌महिने आधीं सुरू होते. पहिल्याच भेटींत तिची भाषा तिच्या कार्डावर लिहावी; ती भाषा जाणणाऱ्या बायकांस थोडें शिक्षण देऊन, आशांप्रमाणें कामागणिक मोबदला द्यावा; आणि संमतिपत्रावर डॉक्टराच्या सहीखालीं दुभाषी बाईच्या सहीसाठीं एक ओळ छापावी. निदान ही ओळ छापण्यास तरी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनीं मुंबईच्या हुकुमाची वाट पाहूं नये.