कुत्र्याची पोळी वेगळी काढावी





या वेळी परीक्षा, निकाल, शिस्त यांतले काही लिहीत नाही. विषय लहानसा वाटेल. आपल्या ताटातले काय कुत्र्याला चालते आणि काय चालत नाही, एवढाच. पण मागच्या पालक-शिक्षक सभेत यावरून चांगलाच वाद झाला. सहावीतल्या एका मुलीच्या वाढदिवसाचा चॉकलेट केक तिच्या घरच्या कुत्र्याने खाल्ला आणि रात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागले. कुत्रा वाचला. मुलीने वर्गात सांगितले तेव्हा सगळी मुले घाबरली. एक पालक म्हणाले, शाळेने मुलांना स्पष्ट सांगावे की कुत्र्याला घरातले काहीही देऊ नका. त्यावर एक आजोबा उठून म्हणाले, "आमच्या वाड्यातला कुत्रा जन्मभर घरचे उरलेसुरलेच खात होता, त्याला काही झाले नाही."

मला दोघांचेही पटले नाही. त्याचे कारण माझ्याच घरात घडलेले आहे.

चार वर्षांपूर्वी श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी शिरा उरला होता, पुडीत मूठभर बेदाणेही उरले होते. आमचा मोती दाराशी बसून होता. मी दोन्ही त्याच्या ताटलीत घातले. प्रसादाला नाही कसे म्हणायचे? रात्री तो ओकला. आम्हाला वाटले, तूप जास्त झाले असेल. दुसऱ्या दिवशी दहीभात दिला, त्याने तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "किशमिश या अंगूर तो नहीं दिए?" मी म्हटले, नाही, फक्त प्रसाद दिला. प्रसादात बेदाणे असतात हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही. पाच दिवस सलाईन चालली. सहाव्या दिवशी मोती गेला.

द्राक्षे, बेदाणे, मनुका, किसमिस ही एकाच फळाची नावे. ती खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याने जातो, म्हणून "इतके चालतील" असा आकडा कोणी देत नाही. याचे कारण पुष्कळ वर्षे सापडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचीही मूत्रपिंडे बिघडल्याचे त्यांनी नंतर नोंदवले. चिंचगुळाची आमटी आपल्या घरांत रोजची, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आमटीभात कुत्र्याला घालू नये.

आता पोह्यांबद्दल. इंदूरकराला पोह्यांविरुद्ध बोललेले खपत नाही, मलाही नाही. पण पोह्यांवर पेरलेला कच्चा कांदा, तिखट शेव आणि जीरावन यांतले काही कुत्र्यासाठी नाही. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कांदा शिजवला, तळला किंवा त्याची पूड केली तरी दोष जात नाही, आणि लसूण कांद्यापेक्षा जहाल. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण ५० ग्रॅम कांदा, म्हणजे एक लहान कांदा, बाधू शकतो. फसवणूक अशी की परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, कुत्रा सुस्त पडून राहतो. तोवर घरात कोणाला कांदा आठवतही नाही.

सभेतल्या आजोबांना माझे उत्तर इथेच आहे. त्यांच्या वाड्यातल्या कुत्र्याला बहुतेक कोरडी भाकरी आणि भात मिळत असे. चॉकलेट घरात येत नव्हते, बेदाणे सणासुदीला मोजून येत. आणि त्या काळी एखादा कुत्रा चौथ्या दिवशी मेलाच, तर त्याने सोमवारी काय खाल्ले होते हे कोण विचारीत होते?

चॉकलेटचे गणित मुलांना करता येईल. त्यातले थिओब्रोमिन आपले शरीर लवकर बाहेर टाकते. कुत्र्याला त्यातले निम्मे टाकायलाच सतरा-अठरा तास लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम दुधी चॉकलेट त्रास द्यायला पुरते, काळे चॉकलेट साधारण ४० ग्रॅम, आणि केकमधली कोको पावडर १० ग्रॅमसुद्धा. अस्वस्थपणा, उलट्या, धडधड, जास्त झाले तर झटके. छोट्या पामेरियनसाठी हेच आकडे तिप्पट-चौपट कमी धरावेत. चहा-कॉफीचेही तसेच.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी बिनसाखरेच्या च्युइंगमवर आणि गोळ्यांवर झायलिटॉल हे नाव आहे का ते पाहावे. माणसाला ते निर्धोक. कुत्र्याची रक्तातली साखर मात्र अर्ध्या तासात कोसळू शकते आणि पुढे यकृतही बिघडते.

राहिले तूप. नामदेवांची गोष्ट आपण बालवर्गात सांगतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ती गोष्ट सांगणे मी सोडणार नाही. चमचाभर तुपाने धडधाकट कुत्र्याचे काही बिघडत नाही. तुपात बुडवलेले बाफले आणि तेलकट कचोऱ्या मात्र स्वादुपिंडाला सूज आणतात, हे त्याच तासाला सांगता येईल.

तर काहीच देऊ नये का? तसे नाही. साधी पोळी, मऊ भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेले बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, शिजवलेला भोपळा, गाजर, केळे, बिया काढलेले सफरचंद, बिनमिठाचे थोडे शेंगदाणे, हे सगळे चालते. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, दही त्या मानाने बरे. माणसाच्या सोबतीने राहून कुत्र्याला पिठूळ अन्न पचवता येऊ लागले आहे, हे २०१३ मध्ये त्याच्या जनुकांवरून सिद्ध झाले. लांडग्याला ते इतके साधत नाही. अर्थात नुसत्या पोळीवर कुत्र्याचे पोषण होत नाही, हेही खरे.

माझे कॉलेजचे शिक्षण हिंदीत झाले. मित्रांच्या घरी पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची अशी रीत पाहिली. ती रोटी तव्यावरून उतरल्यावर बाजूला ठेवलेली असे, भाजीला न लागलेली. आपण मात्र सगळ्यांचे जेवण झाल्यावर ताटांतले निपटून कुत्र्यासमोर सारतो आणि अन्न वाया गेले नाही याचे समाधान मानतो. ते समाधान आपले, पोट त्याचे. उष्टे टाकायला आपल्या शहरात सोय आहे. २०२२ मध्ये इथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्याचा गॅस करणारा कारखाना सुरू झाला. उरलेली आमटी, कांदा, शिरा त्या डब्यात गेला तर कोणाचे नुकसान नाही.

चुकून काही खाल्लेच तर लक्षणांची वाट पाहू नका, मी पाहिली होती. ओकारीसाठी मिठाचे पाणी पाजू नका, ते स्वतःच घातक आहे. वेष्टन बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. काय, किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन, एवढे सांगा.

शाळेच्या फाटकाशी मात्र काही घालू नये. शाळा-रुग्णालयांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. शिवाय अनोळखी कुत्र्याला मुलांनी हाताने भरवणे मला मुळीच मान्य नाही.

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या आहेत. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून एखाद्या डॉक्टरांना तासभर बोलावू या. प्रवासखर्च शाळेने करावा. आणि आनंदमेळ्यात पोह्यांच्या व केकच्या दुकानांशेजारी ओल्या कचऱ्याचा झाकणाचा डबा ठेवू या. त्यावरची पाटी सहावीतली ती मुलगी लिहिणार आहे, तिने मला तसे सांगून ठेवले आहे.

आपला,
प्राचार्य