पत्ता लक्षात ठेवावा की रोज विचारावा?

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा आमच्या धंद्यातला. लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमने डीएनएसची उत्तरं स्वतःजवळ साठवावीत का? म्हणजे कॅशे करावीत का? माझं मत : करावीत. आणि हे मत पुण्याच्या ऑफिसात नाही, अकोल्याच्या घरी बनलंय.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था. राजकमल चौकात राहणारा अमरावतीकर अंबादेवीचं देऊळ कुठे आहे हे रोज विचारतो का? कॅशे नसलेला संगणक नेमकं तेच करतो. बातम्यांचं एक पान उघडायचं तर जाहिराती, फॉन्ट, चित्रं धरून सहज दहा-वीस नावं होतात.

विरोधक म्हणतात, एका प्रश्नाला वीस-तीस मिलिसेकंद लागतात, कशाला एवढा खटाटोप? ऑफिसच्या लाइनवर खरंय. पण अकोल्यात दुपारी लाइट गेली की राउटर बंद, मग मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही एका काडीवर. हे प्रश्न बहुधा यूडीपीवरून जातात. वाटेत हरवले तर कोणी कळवत नाही, नुसती वाट बघायची. आणि लिनक्समध्ये ही वाट बघण्याची मूळ मुदत आहे ५ सेकंद! म्हणजे हिशोब मिलिसेकंदांचा राहतच नाही. ॲडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख असते आणि मावसभावाचा फोन येतो, "दादा, नेट तं हाये, पन पेज उघडूनच नाही राह्यलं." जितकं कमी विचाराल तितकं कमी हरवेल, इतकं साधं आहे हे.

ब्राउझर लक्षात ठेवतो, मान्य, पण स्वतःपुरतं आणि थोडा वेळ. राउटरही ठेवतो, पण लाइट गेली की तोच आधी झोपतो.

आता विरोधक काही वेडे नाहीत. विंडोज २०००पासून हा कॅशे करतं. उबंटूने मात्र १२.०४ मध्ये (२०१२) स्थानिक डीएनएसमास्क दिलं आणि त्याचा कॅशे मुद्दाम बंद ठेवला. कारण? एकाच मशीनवरचा दुसरा युजर तुम्ही कुठे जाऊन आलात ते ताडू शकतो. पीजीत चौघांत एक संगणक असेल तर ही भीती खरी. स्वतःच्या लॅपटॉपवर मला ती पटत नाही. पुढे १७.०४ मध्ये (२०१७) उबंटूच्या डेस्कटॉपवर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड आलं, ते कॅशे करतं.

खरा त्रास शिळ्या पत्त्यांचा. प्रत्येक उत्तरासोबत त्याची मुदत, टीटीएल, येते; ती इमानदारीने पाळायची, बस. पण "असं नावच नाही" हे उत्तरही साठवलं जातं (१९९८चं आरएफसी २३०८ बघा). साइट सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी डोकावलात तर ती सुरू झाल्यावरही संगणक नाही म्हणत बसतो. हे नकार डेस्कटॉपने चार-पाच सेकंदांच्या वर ठेवू नयेत. नेटवर्क बदललं की सगळंच विसरावं.

आणि वायफायच्या मेनूत "पत्ते विसर" असं एक बटण हवं. आत्ता विंडोजवर आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस टाइप करावं लागतं. मावसभावाला फोनवरून हे स्पेलिंग सांगून बघा एकदा :)