गव्हर्नर हचिन्सन याचा न्याय

अमेरिकन राज्यक्रांतीचा इतिहास वाचतांना आपल्या मनांत दोनच पक्ष उभे राहतात : एक देशभक्तांचा व दुसरा जुलमी अंमलदारांचा. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन यास बहुधा दुसऱ्या पक्षांत बसविलें जातें. परंतु त्याचें चरित्र लक्षपूर्वक पाहिलें असतां हा निवाडा इतका सोपा नाहीं, असें आमचें मत आहे.

हचिन्सन हा परका अधिकारी नव्हता. बॉस्टन शहरींच इ. स. १७११ सालीं त्याचा जन्म झाला व हार्वर्ड कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. प्रांताच्या कागदी चलनाची किंमत घसरत चालली असतां १७४९ सालीं त्यानें पुढाकार घेऊन चांदीचें चलन सुरू करविलें. आपल्या प्रांताचा इतिहासही त्यानें मोठ्या परिश्रमानें लिहिला.

पुढें १७६५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें स्टँप अ‍ॅक्ट मंजूर केला. हा कर अनिष्ट आहे असें हचिन्सन याचें मत होतें व तें त्यानें इंग्लंडांत खासगी रीतीनें कळविलेंही होतें. मात्र कायदा झाला कीं तो पाळलाच पाहिजे, असें तो म्हणे. त्याच्या मनांतील विरोध लोकांस कसा दिसावा? २६ ऑगस्टच्या रात्रीं जमावानें त्याचें घर उद्ध्वस्त केलें व इतिहासाचें हस्तलिखित रस्त्यांत फेंकून दिलें. दुसऱ्या दिवशीं मुख्य न्यायाधीश या नात्यानें कोर्टांत येऊन, आपण या कायद्यास कधींही साह्य केलें नाहीं, असें त्यानें ईश्वरास साक्षी ठेवून सांगितलें. पण तोंवर फार उशीर झाला होता.

१७७३ सालीं त्याचीं कांहीं जुनीं खासगी पत्रें छापून प्रसिद्ध झालीं. वसाहतींतील स्वातंत्र्यास थोडा आळा घातला पाहिजे, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. त्याच वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बॉस्टन बंदरांत आला. तो उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांत गव्हर्नराचे दोन पुत्र होते. जकात भरल्यावांचून जहाजें परत जाऊं देणार नाहीं, हा हट्ट त्यानें सोडला नाहीं; आणि १६ डिसेंबरच्या रात्रीं ३४२ पेट्या समुद्रांत गेल्या. पुढील वर्षीं तो इंग्लंडास गेला व १७८० सालीं तेथेंच मरण पावला. जन्मभूमीचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं.

जमावाचें कृत्य निंद्यच होय. घरें फोडून कोणताही हक्क सिद्ध होत नाहीं. तथापि हचिन्सन यासही आम्ही निर्दोष म्हणणार नाहीं. तो लांचखाऊ किंवा क्रूर नव्हता. चांगलें मत त्यानें पत्रांत दडवून ठेवलें, हा त्याचा एक दोष. आणि लोकांची संमति नसलेला कायदा केवळ कायदा म्हणून टिकेल असें मानलें, हा दुसरा व अधिक मोठा दोष.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येकांस पुढें अधिकार प्राप्त होईल. त्या वेळीं केवळ नियमाकडे बोट दाखवून भागणार नाहीं. एखादा नियम अन्यायाचा वाटला, तर तें योग्य ठिकाणीं व योग्य वेळीं उघडपणें सांगण्याचें धैर्य अंगीं असावें. पालकांसही विनंति कीं, असें धैर्य मुलांनीं घरीं दाखविल्यास त्यास उद्धटपणा समजूं नये.