गोळीत औषधच नसेल तर? इन्फ्रारेड तपासणी काय सांगते, काय नाही

मार्च २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना तपासणीसाठी घेतला गेला. अहवाल डिसेंबरमध्ये आला. गोळ्यांत औषधच नव्हते. सप्टेंबर २०२४ मधील पोलिसांच्या आरोपपत्रानुसार, हरिद्वारमधील जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून बनावट गोळ्या तयार होत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातही बनावट अझिथ्रोमायसिनचे प्रकरण समोर आले.

अशा बातम्या आल्या की भूगाव परिसरातले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, गोळी खरी की खोटी हे मशीनवर लगेच कळत नाही का?" बऱ्याच अंशी कळते.

तपासणी कशी होते?

इन्फ्रारेड किरण डोळ्यांना दिसत नाहीत. औषधाच्या रेणूतील अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात आणि सतत थरथरतात. इन्फ्रारेड प्रकाश टाकला की प्रत्येक पदार्थ त्यातला ठरावीक भाग शोषून घेतो. त्याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाच्या बोटाचा ठसाच. तो शुद्ध औषधाच्या आलेखाशी जुळवून पाहतात. टाल्क आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचे आलेख इतके वेगळे असतात की गफलतीला फारसा वाव नाही. चिमूटभर पूड पुरते आणि आलेख काही मिनिटांत मिळतो. गोळीत इतर घटक मिसळलेले असल्याने कधी आधी औषध वेगळे काढावे लागते. औषध ओळखण्याची ही पद्धत भारतीय औषधकोशातही मान्य आहे.

मग नऊ महिने कशात गेले?

आलेख काढण्यात नक्कीच नाही. नमुना घेण्यापासून अहवाल हाती येईपर्यंतच्या साखळीत ते गेले. तोवर त्या साठ्यातल्या गोळ्या रुग्णांच्या पोटात जाऊ शकतात. डॉक्टरांची अडचण आणखी वेगळी. ताप उतरला नाही की आम्हाला वाटते, जंतू औषधाला दाद देत नाहीत. मग आणखी तीव्र अँटिबायोटिक सुरू होते. गोळी खोटी असेल ही शंका सहसा शेवटी येते.

म्हणून माझे मत असे की, सरकारी भांडारात माल उतरतो तिथेच प्रत्येक बॅचची प्राथमिक चाचणी व्हावी. हातात मावणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. संशयित बॅच तिथेच थांबवून प्रयोगशाळेत पाठवता येईल.

पण ही चाचणी पुरेशी नाही

गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध आहे की ३००, हे खात्रीने सांगायला एचपीएलसीसारखी चाचणी लागते. थोड्या प्रमाणातील विषारी भेसळही इन्फ्रारेड आलेखात लपू शकते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'कोल्ड्रिफ' खोकल्याच्या औषधात हेच विष ४८.६ टक्के आढळले. मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची अनेक आजारी मुले तेव्हा नागपुरात उपचारांसाठी आणली होती. या विषाची मर्यादा ०.१ टक्का इतकी कमी आहे. ते खात्रीने मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी चाचणी लागते.

निदानात उपयोग

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरच चालतो. मुतखडा कशाचा आहे हेही इन्फ्रारेड तपासणीतून कळते. युरिक अ‍ॅसिडचा खडा औषधांनी विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्सलेटचा नाही. म्हणून लघवीतून खडा पडला तर फेकू नका, स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्या.

मात्र सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये याविरुद्ध इशारा दिला आहे. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जीवावर बेतू शकते.

तुम्ही काय करावे?

- औषध पक्क्या बिलावरच घ्या. बिलावर बॅच नंबर आहे ना, पाहा.
- पट्टी संपेपर्यंत नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग कापू नका.
- १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन करून माहिती जुळवा.
- गोळीचा रंग, चव किंवा छपाई नेहमीपेक्षा वेगळी वाटली, किंवा औषध घेऊनही गुण येत नसेल, तर पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा.
- संशय आल्यास उरलेल्या गोळ्या जपून ठेवा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा.
- रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा हृदयविकाराची गोळी केवळ संशयावरून बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या बॅचची गोळी घ्या. औषध अचानक थांबवण्याचा धोका त्याच दिवशी समोर उभा राहू शकतो.