पहिला डीएसएलआर घेताय? आधी लेन्स ठरवा, मग कॅमेरा

पहिल्या पगारातून किंवा घरच्यांकडून पैसे घेऊन कॅमेरा घ्यायला निघालेला बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न विचारतो : किती मेगापिक्सेल? खरे तर त्याने आधी स्वतःला विचारायला हवे, की मी फोटो कशाचे काढणार? याचे उत्तर न शोधता घेतलेला कॅमेरा एक गणेशोत्सव आणि एक सहल झाली की कपाटात जातो. म्हणूनच आमचे मत स्पष्ट आहे : बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा.

आता डीएसएलआर घेणे शहाणपणाचे आहे का?

२०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनने नवे मिररलेस कॅमेरे आणले. तेव्हापासून या कंपन्यांचा भर तिकडेच आहे. त्यामुळे नवा कोरा डीएसएलआर घेण्याचा आग्रह धरू नये. मात्र, जुना डीएसएलआर शिकण्यासाठी उत्तम. निकॉन डी ३५०० सारख्या साध्या मॉडेलमध्येही २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. त्यातून सुमारे २० बाय १३ इंचांची सुस्पष्ट प्रिंट निघते. आपल्यापैकी किती जण याहून मोठा फोटो छापतात?

किट लेन्स कुठे कमी पडते?

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी लेन्स दिवसाउजेडी चांगले काम करते. पण ५५ मिमीवर तिचे तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. संध्याकाळी घरात पळणाऱ्या मुलाचा फोटो किट लेन्सने १/१५ सेकंदात निघत असेल, तर या लेन्सने तो १/१२५ सेकंदात निघतो. पहिल्यात मूल धूसर, दुसऱ्यात बरेच स्पष्ट. बॉडी महाग घेतली, तरी लेन्सची ही उणीव पूर्ण भरून निघत नाही.

मग कोणती लेन्स घ्यावी?

माणसांचे फोटो काढायचे असतील, तर कॅननची ५० मिमी एफ १.८ लोकप्रिय आहे. पण छोट्या सेन्सरवर ती ८० मिमीसारखी दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत तुमची पाठ भिंतीला लागेल! घरातल्या फोटोंसाठी निकॉनची ३५ मिमी एफ १.८ किंवा कॅननची २४ मिमी एफ २.८ अधिक सोयीची. भिगवणचे फ्लेमिंगो टिपायचे असतील, तर २५०-३०० मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स हवी. गड-किल्ले आणि निसर्गासाठी किट लेन्स पुरेशी आहे. ‘दोन लेन्सचा सेट स्वस्त पडतो’ म्हणून नको असलेली झूम गळ्यात मारून घेऊ नका.

जुना कॅमेरा घेताना काय पाहावे?

* शटर किती वेळा उडाले, हे विचारा. डी ३५०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे.
* लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी लेन्स स्वस्तातही नको.
* निकॉन डी ३५०० आणि डी ५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळणारी जुनी ५० मिमी एफ १.८ डी लेन्स त्यांच्यावर बसते, पण ऑटोफोकस होत नाही. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेले पाहूनच पैसे द्या.
* मूळ बिल मागा.

पैसे कसे वाटावेत?

निम्मे बजेट लेन्ससाठी राखून ठेवा. थोडे पैसे जादा बॅटरी, मेमरी कार्ड आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यासाठी बाजूला काढा. हप्त्यांवर महागडी बॉडी घेण्याआधी एक दिवस कॅमेरा आणि लेन्स भाड्याने आणून पाहा. पुण्या-मुंबईत ही सोय आहे. दिवसभर तो गळ्यात वागवून मान अवघडली आणि हात पुन्हा फोनकडेच गेला, तर मोठा खर्च वाचला असे समजा.

बॉडी काही वर्षांत जुनी होते, लेन्स टिकते. कॅननची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावरही ऑटोफोकससह चालते. म्हणजे उद्या कॅमेरा बदलला, तरी आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.